माझ्याकडे उघडतंय

मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नव्हते. ते एका सरकारी खात्यात प्रोग्रॅमर होते, आणि दुसऱ्याच्या कोडमधली एक रिकामी ओळसुद्धा त्यांना खपत नसे, म्हणून खात्यानं त्यांना ही पदवी बहाल केली होती. चिडवण्यासाठी दिलेली ही पदवी ते मानानं मिरवत, आणि त्यामुळं चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली होती.

ज्यांना स्वतःच्या हातापायांनी जगता येत नाही अशांच्या घरी मदतनीस पाठवायचे, हे त्या खात्याचं काम. अर्ज वेबसाइटवर, निर्णय वेबसाइटवर, आणि निर्णय पटला नाही तर हरकतही वेबसाइटवरच. माणसानं कुठला पत्ता टाकला की कोडमधलं कुठलं दार उघडायचं, हे सांगणारी एकच फाईल होती, अकराशे चाळीस ओळींची. एका ओळीत एक पत्ता आणि त्यापुढं तो कुणाकडं जायचा ते. एकोणीस वर्षं ही फाईल मास्तरांनी सांभाळली होती. घरातल्या कपाटाची किल्ली कुठं असते हे त्यांना माहीत नसे, पण या फाईलची चारशे बारावी ओळ काय आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगत.

त्या फाईलची एक खोड होती. संगणक ती वरून खाली वाचे आणि जो पत्ता पहिल्यांदा जुळेल तिथं माणसाला सोडून मोकळा होई. म्हणून खास पत्ते वर आणि सरसकट पत्ते खाली, हा मास्तरांचा कायदा. 'अर्ज/हरकत' ही ओळ वर होती. तिच्या खालीच अशी ओळ होती, की 'अर्ज' या शब्दापुढं काहीही आलं तरी तो अर्जाचा क्रमांक समजायचा आणि तो अर्ज शोधून दाखवायचा. या दोन ओळींच्या मध्ये मास्तरांनी फार वर्षांपूर्वी एक टीप लिहून ठेवली होती: 'वरची ओळ खालच्या ओळीच्या वरच राहिली पाहिजे. हलवाल तर पस्तावाल.'

मग खात्यात मास्तरांच्या वरच्या जागेवर नव्या मॅडम आल्या. त्यांचं म्हणणं असं, की काम करणारं फंक्शन एका फाईलमध्ये आणि त्याचा पत्ता दुसऱ्या फाईलमध्ये, हा कुठला कारभार? ज्याचा पत्ता त्याच्याच डोक्यावर लिहा. म्हणजे प्रत्येक कंट्रोलरमध्ये, म्हणजे एकेका विषयाची फंक्शनं ठेवलेल्या फाईलमध्ये, प्रत्येक फंक्शनच्या वर चिठ्ठीसारखं एक ॲनोटेशन, आणि त्या ॲनोटेशनमध्ये पत्ता. ती लांबलचक फाईल टाकून द्या.

मॅडमचं चुकत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचताना कुणी उगाच त्यांच्या नावानं बोटं मोडत बसेल. सगळं जग तसंच करतं. मास्तरांनाही ते कळत होतं. आठवडाभर त्यांनी तोंड वाकडं केलं आणि मग स्वतःच काम अंगावर घेतलं, कारण त्यांच्या फाईलला दुसऱ्या कुणी हात लावावा हे त्यांना सहन होणारं नव्हतं.

तीन महिने ते एकेक ओळ उचलून तिच्या फंक्शनच्या डोक्यावर नेऊन ठेवत होते. हरकतीची ओळ हरकतींच्या कंट्रोलरमध्ये गेली, अर्जाची अर्जांच्या कंट्रोलरमध्ये. राहिली ती मधली टीप. ती या ओळीची नव्हती आणि त्या ओळीचीही नव्हती. दोघी शेजारी होत्या म्हणून ती होती. मास्तरांनी ती हरकतीच्या फंक्शनवर चिकटवून पाहिली. 'खालच्या ओळीच्या वरच'. पण खाली आता तसली ओळच नव्हती. ज्या ओळीला अर्थ नाही ती मास्तरांना खपत नसे. त्यांनी ती पुसून टाकली.

काम संपल्यावर त्यांनी जुन्या पत्त्यांची यादी काढली, नव्या पत्त्यांची काढली, आणि दोन्ही ताडून पाहायला सोप्या जाव्यात म्हणून वर्णानुक्रमे लावून घेतल्या. अकराशे चाळीस इकडं, अकराशे चाळीस तिकडं. फरक शून्य. आता अकरा महिन्यांचं पोरही सांगेल, की दोन्ही याद्या एकाच क्रमानं लावल्या तर क्रमातला फरक दिसायचा कसा? पण मास्तरांना ते दिसलं नाही. एकोणीस वर्षं क्रम जपणाऱ्या माणसानं क्रमच पुसून तपासणी केली आणि समाधानानं घरी गेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते असं.

मास्तरांना एक मोठी बहीण होती, एकाहत्तर वर्षांची. आई लवकर गेली तेव्हा तिनंच यांना वाढवलं होतं. ताईला एकच मुलगा, चौतीस वर्षांचा. स्नायूंच्या आजारानं त्याची मान आणि उजव्या हाताची दोन बोटं एवढंच हलत असे. ही कसर तो जिभेनं भरून काढी. स्वतःला तो राजे म्हणवून घेई. "आम्हाला उठवायला, बसवायला, जेवू घालायला माणसं लागतात. मग राजे नाही तर काय भिकारी?" खात्याकडून एक मदतनीस रोज सहा तास येत असे. तो उचले, आंघोळ घाली, कूस बदली. बाकीचे अठरा तास ताई.

नवं काम चालू झाल्याला दहाएक दिवस झाले असतील. ताईला खात्याचं पत्र आलं. फेरतपासणीत असं ठरलं होतं, की राजेंना चोवीस तास देखभाल लागते, म्हणून घरचा मदतनीस बंद, आणि अडीच तासांवरच्या निवासी केंद्रात एक खाट. हरकत असेल तर तीस दिवसांत खालील पत्त्यावर नोंदवावी. अन्यथा निर्णय अंतिम.

ताईनं भावाला लगेच फोन केला नाही. भाऊ खात्यात आहे म्हणून वशिला लावला असं कुणी म्हणायला नको, आणि मास्तरांनीच तिला वर्षानुवर्षं बजावून ठेवलं होतं, की सरळ मार्गानं जायचं, मार्ग मी नीट बांधलेत. तिनं चष्मा लावला, राजेंच्या पलंगाशेजारी मोबाइल घेऊन बसली आणि एका बोटानं पत्ता टाकला. पान आलं: 'असा अर्ज आढळला नाही. कृपया पत्ता तपासून पुन्हा प्रयत्न करा.'

तिनं पत्ता तपासून पुन्हा प्रयत्न केला. पाच दिवस केला. सहाव्या दिवशी तिनं फोन लावला.

"ताई, तू काहीतरी चुकीचं टाकतेयस."

"तसंच असेल रे. पण राजे पण बघतोय शेजारून."

"राजेला काय, गंमत करायला मिळाली की झालं. पत्रात बघून, एकेक अक्षर टाक. थांब, मी बघतो." मास्तरांनी आपल्या टेबलावरच्या मशीनवर पत्ता टाकला. हरकतीचा फॉर्म हसतमुखानं उघडला. "माझ्याकडे उघडतंय, ताई."

"मग माझंच चुकत असेल."

आता घोडं कुठं पेंड खात होतं ते सांगायला हवं. मास्तरांच्या मशीनवर तो पत्ता टाकला की खरी वेबसाइट उघडतच नसे. उघडत होती तिची त्यांच्या मशीनवरची प्रत. कामापुरती ही सोय त्यांनीच करून ठेवली होती आणि साफ विसरले होते. कुठली फाईल आधी वाचायची ते आता ज्या त्या मशीनच्या मर्जीवर होतं. त्या प्रतीत हरकतीची फाईल आधी वाचली जाई आणि अर्जाची नंतर, म्हणून सगळं आलबेल. खऱ्या सर्व्हरवर, जिथून लोकांना वेबसाइट दिसे तिथं, अर्जाची फाईल आधी वाचली जात होती. तिथं 'अर्ज'पुढचा 'हरकत' हा शब्दच अर्जाचा क्रमांक समजून संगणक इमानदारीनं शोधत होता, आणि त्या क्रमांकाचा अर्ज अर्थातच कुठंच नव्हता.

बाराव्या दिवशी ताईनं पुन्हा फोन केला. मास्तरांनी तिच्याकडून पत्ता अक्षर न् अक्षर वाचून घेतला. शाळेत पाढे म्हणवून घ्यावेत तसा. सगळी अक्षरं बरोबर होती. "मग तुझा मोबाइल जुना झाला असेल," ते जरा तडकूनच म्हणाले. "मोबाइल बंद करून चालू कर. माझ्याकडे दर वेळी उघडतंय."

"तू रविवारी येऊन बघशील का?"

"येतो ना."

त्या रविवारी दुसऱ्याच एका पानाचं दुखणं निघालं. पुढच्या रविवारी मॅडमनी बैठक लावली. ताईनं तगादा लावला नाही. तिला वाटलं, भाऊ म्हणतोय उघडतंय, म्हणजे उघडत असणारच. आपणच कुठंतरी ठेचकाळतोय. तिनं एक वही केली. तारीख, वेळ, टाकलेला पत्ता, आलेलं उत्तर. रोज दोनदा. शेजारणीच्या मोबाइलवरूनही करून पाहिलं आणि तेही वहीत लिहिलं. तिसावा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी वहीत चार नोंदी होत्या.

चौतिसाव्या दिवशी कचेरीत महिन्याचा आढावा होता. मॅडमनी पडद्यावर आलेख दाखवला. हरकतींची रेघ दीड महिन्यापूर्वी धाडकन खाली आली होती आणि तळाला टेकून सरळ चालली होती. शून्य.

"निर्णय इतके पटण्यासारखे होऊ लागलेत, की एकही हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "फेरतपासणीच्या टीमचं अभिनंदन." टाळ्या वाजल्या. मास्तरांचेही हात टाळ्या वाजवण्यासाठी वर आले होते, ते तसेच राहिले.

एकोणीस वर्षांत एकही आठवडा शून्याचा गेला नव्हता. माणसं देवाच्या निर्णयालासुद्धा हरकत घेतात, खात्याच्या निर्णयाला घेणार नाहीत? मास्तर उठले, जिन्यात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा खिशातल्या मोबाइलवर तो पत्ता टाकला.

'असा अर्ज आढळला नाही. कृपया पत्ता तपासून पुन्हा प्रयत्न करा.'

त्यांनी पत्ता तपासला. हो, त्यांनीही तपासला. मग ते पायरीवर बसले.

दुरुस्ती चार मिनिटांची होती. अर्जाच्या ॲनोटेशनमध्ये एवढंच लिहायचं, की क्रमांक म्हणजे फक्त आकडे. एक ओळसुद्धा नाही, ओळीचा तुकडा. तो त्यांनी लिहिला, सर्व्हरवर चढवला आणि तिथूनच ताईला फोन लावला. "ताई, आत्ता टाक. आत्ताच्या आत्ता."

ताई टाकताना अक्षरं मोठ्यानं म्हणत होती. मग ती ओरडली, "उघडलं! अरे, उघडलं रे! राजे, बघ, उघडलं!" मास्तरांनी डोळे मिटले. ताई पुढचं वाचू लागली. "यात लाल अक्षरात लिहिलंय," ताई म्हणाली. "'हरकत नोंदवण्याची मुदत संपली आहे.' म्हणजे काय करायचं आता?"

तेही वाक्य मास्तरांचंच होतं. बैल गेला आणि झोपा केला, आणि झोपा कसा, तर एकदम भक्कम.

त्यांनी काही लपवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. त्याच तासाला ते मॅडमकडं गेले आणि सगळं सांगितलं. टीप, यादी, आपलं मशीन, आपली बहीण. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांना घेऊन त्या कायदा विभागातल्या वकिलांकडं गेल्या. वकील मऊ बोलणारे गृहस्थ होते.

"मुदत कायद्यात आहे, ती मला हलवता येत नाही," ते म्हणाले. "पण एक वाट आहे. ज्यांनी मुदतीत प्रयत्न केला आणि आपल्यामुळं फसला, त्यांची सिस्टिममधली नोंद द्या. तेवढ्यांना मी मुदत वाढवून देतो. आजच सही करतो."

मास्तरांचा चेहरा उतरला. न सापडलेल्या पानांची नोंद सिस्टिम ठेवत नव्हती. आठ वर्षांपूर्वी मास्तरांनीच ती बंद केली होती. दिवसाला हजारो फालतू नोंदी यायच्या, भलतेसलते पत्ते ठोठावत फिरणाऱ्या यंत्रांच्या. कचरा, म्हणाले होते ते. कचरा साठवायचा कशाला?

"म्हणजे किती जणांचं असं झालं?" मॅडमनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"साधारण?"

"एरवी महिन्याला दोनशेच्या आसपास हरकती येतात." त्या दोनशे माणसांपैकी कुणाचा भाऊ खात्यात असेल असं नव्हतं, आणि आपलंच चुकत असेल असं वाटून गप्प बसायला भाऊच लागतो असंही नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर ताईची वही घेऊन आले. वकिलांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, अगदी मन लावून. "बाई नीटनेटक्या आहेत," ते म्हणाले. "पण हे हस्ताक्षर आहे, मास्तर. चूक तुमची, बहीण तुमची, आणि वही आणलीत तुम्ही. मी ही पुढं पाठवली तर काय म्हणतील, सांगा." मास्तरांनी सांगितलं नाही, कारण दुसऱ्या कुणाची अशी वही आली असती तर ते स्वतःही तेच म्हणाले असते.

तेव्हा त्यांच्या मनात आयुष्यातलं पहिलं पाप आलं. ताईच्या पत्राची तारीख तेवढी दहा दिवस पुढं ढकलायची. एका कोष्टकातला एक आकडा. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. एकोणीस वर्षांची सचोटी चुलीत घालायची त्यांची तयारी होती. ते मशीनशी बसले, आज्ञा लिहिली, आणि पडद्यावर उत्तर आलं, की तुम्हाला हा अधिकार नाही. चौकशी पुरी होईपर्यंत मॅडमनी सकाळीच तो काढून घेतला होता. नियमानंच. तो नियमसुद्धा मास्तरांनीच सुचवलेला होता.

त्यांनी अर्ज केले, वरच्या कचेरीत गेले, ओळखी काढल्या, ज्या वशिल्याला उभा जन्म नावं ठेवली तोही लावून पाहिला. पण निर्णय अंतिम झाल्याबरोबर मदतनीस दुसऱ्या घरी नेमला गेला होता, आणि तिथं एक अंथरुणाला खिळलेली बाई त्याची वाट बघत होती. तिच्याकडून तो काढून आणा असं मास्तर कुठल्या तोंडानं म्हणणार?

मदतनीस बंद झाल्यावर ताईनं नऊ दिवस एकटीनं केलं. दहाव्या दिवशी राजेंना कुशीवर वळवताना तिच्या पाठीत उसण भरली आणि दोघंही तासभर तसेच पडून राहिले, ती खाली आणि तो वर. शेजारीण आली तेव्हा राजे म्हणाला, "आईला उचला आधी. राजे काय, पडलेलेच असतात."

केंद्राची गाडी न्यायला आली त्या सकाळी मास्तर तिथं होते. पलंगाशेजारी बसून त्यांनी दोघांनाही सगळं सांगितलं. खरं तर आधीही सांगितलं होतं, फोनवर, घाईघाईत. आता नीट, पहिल्यापासून. दोन ओळी, मधली टीप, ती पुसली ते, आणि 'माझ्याकडे उघडतंय' म्हणत होतो ते स्वतःच्याच मशीनची प्रत बघून.

राजे छताकडं बघत ऐकत होता. "मामा, ते पान कुणी लिहिलं रे? 'असा अर्ज आढळला नाही'?"

"मीच."

"छान लिहिलंयस. 'कृपया' म्हटलंयस. आम्ही रोज दोनदा वाचायचो, पण एकदाही राग आला नाही." तो हसला आणि मग हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. "तिकडं खोलीत सहाजण असतात म्हणे. माझे विनोद ऐकायला गर्दी जमेल." मास्तरांना रडू फुटलं. त्यांनी ते आवरलं नाही, आवरण्यासारखं राहिलंही नव्हतं.

माणसं आली, राजेंना उचलून घेऊन गेली. उचलण्याचं काम त्यांना छान येत होतं. गाडीचं दार लागलं, गाडी कोपऱ्यावरून वळली. ताई कंबरेला पट्टा बांधून दारात उभी होती. मग ती हळूहळू आत आली, टेबलाशी बसली आणि तीच वही उघडली. केंद्रानं दिलेला कागद शेजारी ठेवून ती नव्या पानावर उतरवून घेऊ लागली. भेटीचा वार, भेटीची वेळ, बस किती वाजता सुटते, उतरायचं कुठं. एकेक अक्षर, कागदावर बोट ठेवून.

"ताई," मास्तर म्हणाले, "तुझं काहीएक चुकलं नव्हतं. कळतंय ना तुला? तू टाकलेलं प्रत्येक अक्षर बरोबर होतं. चूक माझी होती."

"असू दे रे. तू नको मनाला लावून घेऊस." तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. "तू कशाला चुकशील? तू एवढं शिकलेला. मलाच ते जमत नाही मुळात."

मग तिनं वही त्यांच्यापुढं सरकवली आणि चष्मा पुसत म्हणाली, "हे तेवढं एकदा तपासून बघ. कुठं चुकलं असेल तर आत्ताच सांग, म्हणजे तो तिकडं वाट बघत राहायला नको."

मास्तरांनी वही हातात घेतली आणि पहिल्या ओळीपासून तपासायला सुरुवात केली. सगळी अक्षरं बरोबर होती.